बेटाकडून पहिली हाक

४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

सोबतच्या खोक्यात राखाडी रंगाचा एक डबा आहे. तो उघडण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. तुझी पद्धत मला माहीत आहे. आधी वस्तू जोडायची, धूर निघाला की मग कागद शोधायचा.

टेकडीवरचा जुना मनोरा या महिन्यात उतरवणार आहेत. इतका गंजलाय की मागच्या वाऱ्यात त्याचा एक पत्रा खालच्या शाळेच्या अंगणात येऊन पडला. सुट्टी होती म्हणून निभावलं. आजवर तुझ्या दवाखान्यातल्या रेडिओचा आवाज त्या मनोऱ्यावरून आमच्या नियंत्रण कक्षात यायचा आणि इथून बचावबोटीला जायचा. आता तो या डब्यातून येईल. याला गेटवे म्हणतात. तू बोललीस की हा तुझ्या आवाजाची बारीक बारीक पाकिटं करणार. ती समुद्राखालच्या तारेतून बंदर कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये जाणार, तिथून आमच्या नेटवर्कमध्ये, आणि आमच्याकडचा असाच दुसरा डबा त्यांचा पुन्हा आवाज करणार. वाटेत प्रत्येक हद्दीवर एक फायरवॉल आहे, म्हणजे दारावरचा राखणदार. कुठलं पाकीट कुठे जाऊ द्यायचं याचे नियम त्याला लावून दिलेले असतात. नियमात नसेल ते तो मुकाट्याने फेकून देतो. पाठवणाऱ्याला सांगतही नाही. या राखणदारांची मनधरणी करणं हे सध्या माझं काम. तुला काहीच फरक कळणार नाही. कळू नये याचाच मला पगार मिळतो.

रोज सकाळी मी हाक मारीन, तू उत्तर दे. काही दिवस नीट चाललं की मी सही करणार, आणि मग मनोरा उतरणार.

बाकीचं रेडिओवर बोलायची सोय नाही. तुझा दादा बोटीवर इंजिन सांभाळतो, पण कान सतत रेडिओला असतो. शिवाय होडीवालेही ऐकतात. आणि तुझा फोन धक्क्याच्या टोकाला जाऊन उभं राहिल्याशिवाय लागत नाही. म्हणून आपला हा लाँचमधून येणारा-जाणारा कागदच बरा.

दादा तुझ्याबद्दल काही विचारत नाही. पण काल मी खोकं बांधत होते, तर आत कापूस नीट भरलाय का ते दोनदा दाबून बघून गेला. गेल्या वर्षी बाबांना इथे आणायला आला होता आणि तुम्ही बापलेक दोघं हटून बसलात, तेव्हा तो जे बोलून गेला, "उद्या काही झालं तर मला हाक मारू नकोस," ते त्याला स्वतःलाच गिळवत नाहीये असं मला वाटतं. माझं वाटणं चुकीचंही असेल. नवरा असला म्हणून माणूस कळतोच असं नाही.

बाबांची छाती कशी आहे? खरं लिही.

तुझी वहिनी


९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

डबा लावला, दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रीजशेजारी. धूर निघाला नाही. बाबा म्हणाले, "अरे वा, सूनबाईंनी कंपासपेटी पाठवलेली दिसत्ये." पण हिरवा दिवा लागल्यावर स्वतःच खुर्ची ओढून समोर बसले. सकाळी तुझी हाक आली की अर्धी दाढी तशीच टाकून येतात. आवाज इतका स्वच्छ येतो की मागे कुणी कपबशी ठेवली तरी कळतं. काल म्हणाले, "सूनबाई चहात बिस्कीट बुडवत्येय." खरं का?

एक सांगायचं राहिलं. मंगळवारी दुपारी मी हाक मारली होती. कुणी ओ दिली नाही. जेवायला गेला असाल सगळे. तसं काही काम नव्हतं.

दादाने कापूस दाबून बघितला त्याचं तू मला का लिहिलंस ते कळलं मला. मी काही आधी बोलायची नाही. ज्याने सांगितलं हाक मारू नकोस, त्याने आधी मारावी. इथे शंभर माणसांमागे मी एकटी नर्स, रेडिओ मीच, जखमा मीच, बाळंतपणं मीच. रुसायला वेळ नाही, पण जेवढा मिळतो तेवढा पुरवून वापरते.

बाबांची छाती ठीक. जिना चढताना मधे थांबतात. म्हणतात, समुद्र बघायला थांबलो. जिन्यात खिडकीच नाही.

भिंगरी


११ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

बिस्कीट खरं. बाबांना सांग, आता मी माईकपासून लांब बसून खाते.

मंगळवारी दुपारी मी खुर्चीवरच होते. आम्ही पाळीपाळीने जेवतो, रेडिओपाशी कुणी नाही असं होतच नाही. तुझं पत्र वाचून मी त्या दुपारचं सगळं ध्वनिमुद्रण ऐकलं. बोटीवरची दोन संभाषणं आहेत, एक अग्निशमनवाल्यांचं आहे. तुझं काही नाही. खरखरसुद्धा नाही.

मला वाटतं, तू घाई केलीस. जुन्या रेडिओवर बटण दाबल्या दाबल्या बोललं तरी चालायचं. या डब्याला जागं व्हायला जरा वेळ लागतो. बटण दाब, एक श्वास घे, मग बोल. आणि बोलून झाल्यावर लगेच सोडू नकोस. रागावू नकोस गं, आमच्याकडचे ऑपरेटरही पहिल्या दिवशी असंच करत होते.

इकडे गंमत सांगते. बंदर कार्यालयाच्या फायरवॉलचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत. वयाने माझ्याहून लहान, पण इतके जपून असतात की आम्ही त्यांना कुलूपकाका म्हणतो. गेल्या वर्षी त्यांच्या नेटवर्कमध्ये बाहेरचं कुणीतरी शिरलं होतं. तेव्हापासून कुठलाही नवा नियम त्यांच्या समितीपुढे जातो. मी त्यांना रेडिओ कसा चालतो हे समजावत होते, तर म्हणाले, "ताई, ते राहू द्या. कोण कुणाकडे जाणार एवढंच सांगा." मी म्हटलं, "आम्ही बेटाला हाक मारतो." "मग तेवढंच लिहितो," म्हणाले, आणि खरंच तेवढंच लिहिलं. असा माणूस कामाला असला की बरं वाटतं.

हवामानखात्याने पुढच्या आठवड्यात जोराचे वारे सांगितलेत. मनोरा त्याआधीच उतरवा म्हणून साहेब मागे लागलेत. सगळ्या चाचण्या चोख झाल्या आहेत, त्यामुळे आज मी सही केली. सही करताना तुझा मंगळवार मनात आला होता. त्यासाठी थांबायला हवं होतं का, हे मी स्वतःला दोनतीनदा विचारलं. मग वाटलं, मी उगाच शंका काढतेय. मला ती खोडच आहे.

तुझी वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

बटण कसं दाबायचं ते तू मला शिकवतेस? पंधरा वर्षं दाबत्येय. मोडलेला हात एका हाताने धरून दुसऱ्याने दाबलंय. आणि तुझ्याच पत्रात लिहिलंयस की खरखरसुद्धा नाही. मी घाईत बोलले असते तर निदान अर्धा शब्द तरी आला असता ना तिकडे? कॉलेजात गेलेली तू, मी नाही.

आता खरं लिहिते. दादाला सांगायचं नाही या अटीवर.

मंगळवारी मी सहज हाक मारली नव्हती. बाबा दुपारी जेवून उठले आणि भिंतीला धरून खाली बसले. ओठ निळे. मी त्यांना तसंच दवाखान्यातल्या खाटेवर आणलं, ऑक्सिजन लावला आणि बोट मागवायला तुझ्या त्या डब्यावरून बोलले. नीट बोलले. एकदा नाही, चारदा. उत्तर नाही. मग मनोऱ्यावरून बोलणाऱ्या जुन्या रेडिओ संचाकडे धावले. तो सुरू व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात बाबा मास्क बाजूला करून म्हणाले, "आलो मी परत. कुणाला सांगू नकोस, तो येऊन मला उचलून नेईल." रंग परत येत होता. मी जुना संच बंद केला.

हे चूक केलं का मी? तू असतीस तर त्यावर चार पानं लिहिली असतीस. मी नाही लिहीत. त्यांना तिकडच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत मरायचं नाहीये, एवढं मला कळतं.

पण डब्याचं बघ. मी बोलले होते.

भिंगरी


१८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. आज लाँच सुटली नाही, वारा फार आहे. तरी लिहून ठेवते, पहिल्या फेरीला दे म्हणून धक्क्यावर देऊन येईन.

तू बोलली होतीस. माझी चूक आहे.

तुझं पत्र वाचून मी उठले ती थेट बंदर कार्यालयात गेले. कुलूपकाकांना म्हटलं, मंगळवारची दुपार दाखवा. त्यांची फायरवॉल काय काय अडवलं त्याची नोंद ठेवते. त्यात तुझ्या डब्याचा पत्ता होता, ओळीखाली ओळ, आणि प्रत्येकीपुढे "नाकारले". माझ्याकडे ध्वनिमुद्रणात काही नव्हतं, कारण माझ्या दारापर्यंत काही आलंच नव्हतं. तुझा आवाज त्यांच्या उंबऱ्यावर पडून होता. कुलूपकाका म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणालात, तुम्ही बेटाकडे. बेट तुमच्याकडे, असं कुठे म्हणालात?"

असं झालं बघ. आम्ही आधी बोललो की राखणदाराला वाटतं, यांनी हाक मारलीय, आता तिकडून उत्तर येणार, आणि तो दार थोडा वेळ उघडं ठेवतो. बोलणं थांबलं की लावून घेतो. त्यानंतर बेटाने आपणहून हाक मारली तर ते त्याच्या लेखी आगंतुक. मी रोज सकाळी हाक मारायचे आणि तू उत्तर द्यायचीस. प्रत्येक चाचणी मी सुरू केली. एकदाही तुला म्हटलं नाही की आज तू आधी बोल. रेडिओवर दोघं एकाच हवेत बोलतात, तिथे इकडून तिकडे असं काही नसतं, हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की नेटवर्कमध्ये दिशा असते हेच सांगायला विसरले. माझं शिक्षणच त्या विषयातलं आहे. आणि वर तुला बटण शिकवलं.

मी सही मागे घ्यायला टेकडीवर गेले तेव्हा मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग ट्रकवर होता. खालचा उभा ठेवून उपयोग नाही. उलटी दिशा उघडायला समितीची परवानगी लागते, आणि समिती पुढच्या आठवड्यात बसते. कुलूपकाकांनी स्वतः साहेबांना फोन केला, पण त्यांनाही नियम मोडून करता येत नाही.

तोवर एकच उपाय सापडलाय. दार लागण्याआधी आम्ही पुन्हा हाक मारायची. सारखी. हे यंत्राकडून आपोआप करून घ्यायची सोय या स्वस्त डब्यांत नाही, म्हणून माणसं लावली आहेत. ऑपरेटर, मी, आणि बोट उभी असेल तेव्हा बोटीवरच्या रेडिओवरून तुझा दादा. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याने भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता बघितला आणि आपलं नाव घातलं. त्याला बेटाची लाईन एका बाजूने बंद आहे एवढंच माहीत आहे. बाबांचं मी सांगितलेलं नाही.

हे तुला रेडिओवर सरळ सांगायला साहेबांनी मनाई केलीये. होडीवाले ऐकतात, त्यांच्यात घबराट होईल म्हणतात. मी ऐकलं. ऐकायला नको होतं असं दर तासाला वाटतं. म्हणून आज सकाळी मी फक्त एवढं म्हणाले, "बेट, काही सांगायचं असेल तर ते आमच्या हाकेमागोमाग सांग." तुला अर्थ लागला असेल अशी आशा आहे. आमची हाक थांबली तर समज की तू मुकी झालीस, आणि मिळेल ती होडी पाठव.

वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

सांगितलंस ना त्याला.

परवापासून या खोलीत चैन नाही. बाई, किती हाका! पोराला टाके घालत्येय, "बेट, ऐकतेस का?" जेवायला बसत्येय, "बेट, ऐकतेस का?" विचारलं तर तुझे ऑपरेटर पढवल्यासारखे, "लाईन तपासणी." आणि काल दुपारी तोच प्रश्न दादाच्या आवाजात. वर्ष झालं मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या हातातली पट्टी खाली पडली. मी म्हटलं, "ऐकतेय." तो म्हणाला, "ठीक." संपलं. थोड्या वेळाने पुन्हा. "ऐकतेस का?" "ऐकतेय." "ठीक." जसा काही पोस्टमन.

आणि तू त्याआधीच म्हणालीस, काही सांगायचं असेल तर हाकेमागोमाग सांग. मला कळत नाही असं वाटलं का? त्याला माझ्यासमोर उभं करायचं, आणि सगळ्या समुद्रादेखत माझ्याकडून वदवून घ्यायचं की हो, बाबांना झटका आला आणि मी लपवला. तुझ्यासारख्या सरळ माणसाला हे सुचलं याचंच मला आश्चर्य वाटतं. एकच अट घातली होती मी.

बाबांनाही आवाज लागला की धडधडतं. मी स्पीकर बारीक केलाय. उत्तर देत्येय, कारण ती माझी ड्युटी आहे. तेवढंच देणार.

वारा पडला की हे पत्र लाँचवर देते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

नर्स, बेट दवाखाना


२२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

काल लाँच निघाली, आणि तुझं पत्र इकडे आलं तेव्हा माझं तिकडे आलं असणार. तुझं वाचून मी सुन्न झाले. तुला तसं वाटणं साहजिक होतं. माझ्या वाक्याचा तोच अर्थ निघत होता. त्यावर आता वेळ घालवत नाही, आज बाबांचं सांगायचंय.

बाबांना घेऊन निघालेली बोट दुपारी इथल्या धक्क्याला लागली. बाबांना सरळ इस्पितळात नेलं. अतिदक्षता विभागात आहेत. अजून शुद्धीवर नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत, आता उद्यापर्यंत वाट बघायची. याहून जास्त त्या बोलल्या नाहीत आणि मीही माझ्या मनाचं काही त्यात घालत नाही.

दादा बाहेरच्या बाकावर बसलाय, हाताला अजून इंजिनाचं काळं तसंच. मघाशी मला म्हणाला, "त्या मंगळवारीही तिने हाक मारली होती ना?" तक्ता आणि नोंदी बघून त्याने स्वतःच जुळवलं असणार. मी खोटं बोलू शकले नाही. म्हटलं, "हो. बाबांसाठी." तो म्हणाला, "मी बोटीवरच होतो गं." तुझी अट मी आज मोडली, ते तुला माझ्याकडून कळावं.

आजच्या हाकेमुळे समिती दुपारीच बसली. परवानगी मिळाली. कुलूपकाका स्वतः आमच्या खोलीत आले, आमच्यासमोर उलटी दिशा घातली, आणि मी त्यांना दोन्ही दिशा मोठ्याने म्हणून दाखवायला लावल्या. त्यांनी कंटाळा न करता म्हटल्या. माझ्या सहीची चौकशी होणार आहे. मी लेखी दिलंय की चूक माझी. त्यात मला दुःख नाही. खरंच नाही का, हे नंतर कधीतरी तपासेन.

पण नियम घातला म्हणजे तो चालतो, असं मी आता धरून चालणार नाही. त्यासाठी तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि आजच्या दिवशी ते मागताना मला लाज वाटतेय. आज संध्याकाळपासून आम्ही कुणीही हाक मारणार नाही. दार पूर्ण लागू देणार. उद्या कधीही, तुला वाटेल तेव्हा, तू आधी बोलायचं. वेळ मी ठरवत नाही. वेळ ठरली की आम्ही सगळे कान टवकारून बसणार, आणि खरी गरज काही वेळ ठरवून येत नाही. रात्रभर बचावबोट तुझ्या धक्क्यालाच बांधून ठेवायची व्यवस्था केली आहे, त्यामुळे नियम चालला नाही तरी बेट उघडं पडणार नाही. हे पत्र त्याच बोटीवरून येतंय.

म्हणजे उद्यापर्यंत तुला बाबांची खबर मिळणार नाही. वाईट काही झालं तर मात्र मी आधी बोलेन, चाचणी गेली खड्ड्यात. तुला हे नको असेल तर बोटीवाल्यांकडे नाही म्हणून सांग, मी पुढे ढकलते.

आणि तुझ्या बाजूला काय झालं ते लिही. आज दादाची हाक येण्याआधीचं. अहवालाला लागेल म्हणून नाही.

वहिनी


२४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

विचारलंस म्हणून लिहिते.

तुझं अडकलेलं पत्र मला बाबा कोसळायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मिळालं. वाचलं आणि माझंच पत्र आठवून कानशिलं तापली. "नर्स, बेट दवाखाना" अशी सही करून मी ते मोठ्या तोऱ्यात पाकिटात घातलं होतं. म्हटलं, उद्या माफीचं लिहू.

त्या उद्याच्या सकाळीच बाबा कोसळले. या वेळी मास्क लावूनही रंग येईना. मला माहीत होतं की मी आधी बोलले तर ऐकू जाणार नाही. तरी बटण दाबलंच. माहीत असूनही दाबलं जातं बघ. कुणी ओ दिली नाही. नुकतीच एक हाक येऊन गेली होती, आणि पुढची यायला का कोण जाणे उशीर होत होता. शेजारच्या पोरीला माझा फोन देऊन धक्क्यावर पिटाळलं, लागतो का बघ, होडी आहे का बघ. फोन लागेना, होड्या सगळ्या बाहेर. मी एका हाताने बाबांचा मास्क धरून त्या स्पीकरकडे बघत बसले. ज्या हाकांनी मी दोन दिवस वैतागले होते, त्यातली एक यावी म्हणून. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण बोट हलत होतं. कुठे दाखवतायत कळेना. मग बघितलं, स्पीकरकडे. मी तो बारीक करून ठेवला होता! हात पोचेना, बाबांना सोडवेना. शेवटी मास्कचा पट्टा त्यांच्या डोक्यामागे अडकवला, उठले, आवाज वाढवला, आणि त्याच क्षणी, "बेट, ऐकतेस का?"

दादा.

नंतर आठवतं ते एवढंच की मी "ऐकतेय" म्हणाले नाही. म्हणाले, "दादा, बाबा." तिकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, त्यातच "निघालो."

त्याने धक्क्यावर बाबांना उचललं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बोलायला वेळ नव्हता, आणि असता तरी बोललो असतो का माहीत नाही. त्याने फक्त माझ्या हातातून ऑक्सिजनची नळकांडी घेतली.

आता कालचं.

सकाळपासून खोली इतकी गप्प की फ्रीजची घरघर ऐकू यायची. आधी मला तो गप्पपणा बरा वाटला. तू लिहिलं होतंस, वाईट झालं तर आधी बोलेन. म्हणजे जोवर तू बोलत नाहीस तोवर बाबा आहेत. एकेका रुग्णाला तपासायचं, परत येऊन बघायचं, गप्प आहे ना, बरं. पण मग डोक्यात किडा शिरला. समजा वहिनी बोलली आणि मला ऐकूच आलं नाही तर? समजा उलटं उघडताना त्यांनी सुलटं लावून घेतलं असेल तर? मग तोच गप्पपणा मानेवर बसला.

बटणावर अंगठा ठेवून मी किती वेळ बसले असेन. एकदा वाटायचं, उत्तर नाही आलं तर? एकदा वाटायचं, आलं तर? बोटीवरचे दोघं दारात उभे राहून चुळबुळत होते. एक म्हणाला, "ताई, बोला की, आम्हाला चहा प्यायचाय." दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

दाबलं. म्हणायचं होतं, नियंत्रण कक्ष, बेट बोलतंय. तोंडातून निघालं, "बाबा कसे आहेत?"

बटण सोडलं. काही नाही. मग खरखर झाली, आणि तुझा नाही, दादाचा आवाज आला. "जागे झालेत. बेटावर नेऊन सोडा म्हणून डॉक्टरीणबाईंशी भांडतायत." आणि पुढे म्हणाला, "बरे झालात की सोडतो म्हणालोय मी."

यावर मी "ऐकलं" म्हणायला हवं होतं. बटण दाबलं, पण बोलता येईना, आणि सोडताही येईना. म्हणजे तेवढा वेळ बोट, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, सगळ्यांची वाट अडवून मी बसले होते आणि सगळ्यांना माझं रडणं ऐकू जात होतं. होडीवाल्यांनाही. तुझ्या चाचणीच्या कागदावर बेटाकडून आवाज कसा आला असा रकाना असेल, तर तो तूच भर. मी शुद्धीत नव्हते.

तुझी भिंगरी